कात्रजला मुलांना घेऊन जाताय? पाचच प्राणी बघा, पण नीट बघा

सगळ्यात आधी हे, बुधवारी जाऊ नका, पुण्यातलं कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं. आमच्याकडे साताऱ्याहून पाहुणे आले होते तेव्हा त्यांची दोन आणि आमची तीन अशी पाच पोरं घेऊन गेटपर्यंत गेलो आणि बघतो तर बंद. त्यातला धाकटा चार वर्षांचा, रात्रभर "उद्या वाघ, उद्या वाघ" करत झोपला होता, त्याचा तो चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून कोणीही विचारलं की पहिलं वाक्य हेच सांगते.

मी कात्रजला, म्हणजे राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात, गेल्या सहा-सात वर्षांत दहा-बारा वेळा तरी गेले असेन. कधी माझी लेक, कधी भावाची दोघं, कधी शेजारची मुलं, आणि जवळजवळ दर वेळी आई सोबत, जिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. पुण्यातले जुने लोक त्याला अजून स्नेक पार्कच म्हणतात कारण सुरुवात सर्पोद्यानापासूनच झाली, नीलिमकुमार खैरेंनी १९८६ ला ते उभं केलं आणि मग १९९९ पासून पेशवे पार्कातले प्राणी इकडे आणले गेले. आज सगळा परिसर १३० एकरांचा आहे, त्यात ४२ एकर नुसतं तळं. हा आकडा मुद्दाम सांगतेय, कारण बहुतेक घरांचं गणित इथेच चुकतं.

पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्हीही तेच केलं. मे महिना, दुपारी बारा वाजता आत शिरलो आणि ठरवलं की सगळं बघायचं, तिकीट काढलंय ना. तीन तास नुसते पळत होतो, प्रत्येक पिंजऱ्यापाशी अर्धा मिनिट, "तो बघ झोपलाय, चला पुढे", लेक रडकुंडीला, आईचा गुडघा सुजला, आणि घरी आल्यावर लेकीला विचारलं काय आवडलं तर म्हणाली "कुल्फी". त्या दिवशी मला कळलं की चूक प्राण्यांची नव्हती, आमच्या प्लॅनिंगची होती. आता आम्ही पाच प्राणी ठरवून जातो, प्रत्येकासमोर पंधरा-वीस मिनिटं थांबतो, बाकीचे वाटेत दिसतील तेवढे बोनस. हा सगळा लेख त्याच एका गोष्टीबद्दल आहे.

आदल्या रात्री

मुलांना बसवा आणि प्रत्येकाला एकेक प्राणी निवडायला सांगा. आमच्यात तीन मुलं तीन प्राणी, एक आजीचा, एक माझा, झाले पाच. आजी दर वेळी अस्वल निवडते, का ते पुढे सांगते.

निवडताना आणखी एक काम करा, तिथे काय नाही तेही स्पष्ट सांगून टाका. मुलांनी पुस्तकात आणि यूट्यूबवर जिराफ, पाणघोडा, पेंग्विन बघितलेले असतात आणि प्राणिसंग्रहालय म्हटलं की त्यांना तेच डोळ्यासमोर येतं. कात्रजचा भर भारतातल्या प्राण्यांवर आहे. पेंग्विन बघायचे तर मुंबईला भायखळ्याच्या राणीच्या बागेत, तिथे २०१६ ला हम्बोल्ट पेंग्विन आणले, ते मूळचे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. जिराफ बघायचा तर म्हैसूरला जाता येईल, ते झू १८९२ चं आहे. पण हे सगळं आधीच बोलून घेतलं की गेटच्या आत "जिराफ कुठेय" हा हट्ट होत नाही. आणि खरं सांगू का, पुण्याच्या मुलासाठी गीरचा सिंह किंवा किंग कोब्रा हेही दूरदेशीचेच पाहुणे आहेत, आपल्याला ते घराजवळ आहेत म्हणून साधे वाटतात एवढंच.

मग प्रत्येक मुलाला त्याच्या प्राण्याबद्दल एकच गोष्ट शोधायला लावा, जी तिथे उभं राहून डोळ्यांनी तपासता येईल. "वाघाचं वजन किती" असलं नको, ते दिसत नाही. "वाघाच्या कानामागे काय असतं" असं हवं. (पांढरा ठिपका असतो. वाघाने मान वळवली की नक्की दिसतो आणि पोरं अशी काही ओरडतात की तुम्हाला त्यांना गप्प करावं लागतं.)

दिवस आणि वेळ

नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. पावसाळ्यात हिरवंगार असतं पण निसरडं होतं आणि बरेच प्राणी आडोशाला जाऊन बसतात. उन्हाळ्यात जायचंच असेल तर सकाळी उघडल्या उघडल्या जा, प्राण्यांसाठी तेव्हा कूलर आणि पाण्याचे फवारे लावतात पण आपल्यासाठी कोणी लावत नाही. रविवार आणि दिवाळीची सुट्टी शक्यतो टाळा. सुट्टी मिळत असेल तर मंगळवार किंवा गुरुवार पकडा.

गेट सकाळी साडेनऊला उघडतं. आम्ही सव्वानऊला तिथे असतो आणि याचं कारण गर्दी एवढंच नाहीये. वाघ, बिबट्या, तरस हे सगळे पहाटे आणि संध्याकाळी हालचाल करणारे प्राणी, सकाळचा पहिला तास ते जागे असतात, हिंडतात, वास घेतात, अकरा-साडेअकरानंतर सावली बघून आडवे होतात ते थेट चारपर्यंत. सिंह तर दिवसातले अठरा-वीस तास पडूनच असतो, जंगलातही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी मार्जारकुळ, मग अस्वल, मग गवा आणि हरणं, आणि ऊन चढलं की मगर आणि साप. मगरीला उलट ऊनच लागतं, हिवाळ्यात अकरा-बाराला ती काठावर तोंड उघडं टाकून पडलेली असते. मुलांना वाटतं ती कोणाला तरी खायला बसलीये, पण ती तोंड उघडं ठेवून अंगातली उष्णता बाहेर टाकत असते.

जायचं कसं

मेट्रो स्वारगेटपर्यंत आहे, २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाली, तिथून वर आलं की कात्रजच्या पीएमपीएमएल बस एकामागोमाग एक असतात. मुलांना मेट्रो हेच अर्धं आकर्षण असतं त्यामुळे आमच्याकडे आता गाडी न्यायचीच नाही असं ठरलंय. गाडी न्यायची असेल तर सातारा रोडचा ट्रॅफिक धरून घरून पाऊण तास आधी निघा आणि सुट्टीच्या दिवशी पार्किंगला वेळ लागणार हे गृहीत धरा.

नाश्ता घरून भरपूर करून निघा, पोहे, उपमा, थालीपीठ, जे मुलं पोटभर खातील ते. आत प्लास्टिक चालत नाही, बॅगा तपासतात, त्यामुळे वेफरची पाकिटं आणि प्लास्टिकच्या बाटल्या नेऊच नका. स्टीलच्या बाटल्यांत पाणी न्या, माणशी एक, उन्हाळ्यात एकात लिंबू सरबत. डबा बाहेर आल्यावर खायचा. हे थोडं कडक वाटेल पण हातात खाऊ असला की मूल प्राण्याकडे बघत नाही, खाऊकडे बघतं, आणि माकडं तर त्या हाताकडेच बघतात.

बाकी टोप्या, ओला रुमाल, एक छोटी वही आणि पेन्सिल, आणि कोणाकडे असेल तर दुर्बीण. दुर्बीण कोणाकडून तरी मागून न्याच. खंदकापलीकडे लांब बसलेला वाघ फोनच्या कॅमेऱ्यात नुसता पिवळा ठिपका दिसतो, दुर्बिणीत त्याच्या मिशा दिसतात. बूट वापरलेले घाला, नवीन सँडलने आमच्या भाचीच्या टाचेला फोड आला होता आणि पुढचा सगळा वेळ ती माझ्या कडेवर होती.

गेटच्या आत पहिली दहा मिनिटं

धावत सुटू नका. आधी सगळ्यांनी टॉयलेटला जाऊन यायचं. मग नकाशाच्या बोर्डाचा फोटो काढायचा आणि आपले पाच प्राणी कुठे आहेत ते मुलांनाच शोधू द्यायचं. प्रत्येक मुलाच्या खिशात आपला फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी, आणि हरवलं तर कुठे थांबायचं ती जागा बोटाने दाखवून ठेवायची, आणि सांगायचं की युनिफॉर्ममधल्या काका-काकूंकडे जायचं, दुसऱ्या कोणाकडे नाही.

सोबत आजी-आजोबा असतील तर बॅटरीवर चालणाऱ्या गाडीची चौकशी इथेच करा, तिचं तिकीट वेगळं असतं. आधी आई "मी चालेन गं" म्हणायची आणि अर्ध्यात बसायची. आता आम्ही लांबचा टप्पा तिला गाडीने पाठवतो, ती पुढे जाऊन सावलीतली जागा धरते, आम्ही चालत पोचतो. सगळ्यांनी सगळीकडे एकत्रच फिरायला पाहिजे असं काही नाही. आई तळ्याच्या बाजूला अर्धा तास बगळे बघत बसली होती आणि ती म्हणाली तिचा सगळ्यात छान वेळ तोच. तिथे बसली की ती मुलांना कात्रजच्या पाण्याची गोष्टही सांगते, पेशवाईत इथल्या तळ्यांचं पाणी दगडी नळांतून थेट शहरातल्या हौदांत आणलं होतं. मुलांना ते खोटंच वाटतं.

आता पिंजऱ्यासमोर काय करायचं

पहिली दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही, फोटो काढायचा नाही. मुलांना हे जमतं, मोठ्यांना जड जातं. प्राणी लगेच दिसला नाही तर शेपूट शोधा, कान शोधा. बिबट्या तर समोर असून दिसत नाही, पाच मिनिटांनी एकदम फांदीसारखी वाटणारी गोष्ट हलते.

वाघासमोर: पट्टे दोन्ही बाजूंचे जुळतात का ते बघायला सांगा. जुळत नाहीत, आणि दोन वाघांचे पट्टे कधीच एकसारखे नसतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. पांढरा वाघ दिसला की मुलं हमखास विचारतात हा बर्फातला का. नाही. तो आपलाच वाघ, फक्त रंगाचा एक दुर्मिळ जनुकीय फरक. १९५१ ला रीवाच्या महाराजांनी जंगलातून एक पांढरा बछडा पकडला, त्याचं नाव मोहन, आणि त्याच्या वंशातून पिंजऱ्यातले पांढरे वाघ वाढवले गेले. हा रंग टिकवायला नात्यातल्या नात्यात पिल्लं काढली गेली, म्हणून पांढऱ्या वाघांत तिरळेपणासारखे दोष पुष्कळ दिसतात. माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याने हे ऐकून बराच वेळ काही बोलला नाही आणि मग विचारलं, "आत्या, मग लोकांना तो आवडतो म्हणून त्याला असं केलं?" मी हो म्हणाले. मुलांना खरं सांगावं असं मला वाटतं.

सिंहासमोर: आशियाई सिंहाची आयाळ आफ्रिकेतल्या सिंहापेक्षा विरळ असते, त्यामुळे त्याचे कान वरून दिसतात, आणि पोटाखाली लांबीला कातड्याची एक लोंबती घडी असते. हे दोन्ही शोधायला लावा. जंगलात हे सिंह सगळ्या जगात फक्त गुजरातेत उरलेत, गीर आणि आसपास, २०२० मध्ये ६७४ होते आणि २०२५ च्या मोजणीत ८९१ झाले. झोपलेला असेल तर झोपलेलाच बघा, पोटाची हालचाल मोजा, एका मिनिटात किती श्वास, मग स्वतःचे मोजा. आमच्याकडे यात पंधरा मिनिटं आरामात जातात.

बिबट्याला अर्धी गर्दी "चित्ता, चित्ता" म्हणते. मुलांना फरक दाखवा: बिबट्याच्या अंगावर फुलांसारखे ठसे असतात, मध्ये पोकळ, आणि चित्त्याचे ठिपके भरीव, शिवाय चित्त्याच्या डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळी रेघ. चित्ता भारतातून संपला असं १९५२ ला जाहीर झालं होतं, मग सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ आणून मध्य प्रदेशातल्या कुनोच्या जंगलात सोडले. बिबट्या मात्र आपला शेजारी, जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या उसात राहणारा. माझी वहिनी जुन्नरची आहे, तिच्या माहेरी संध्याकाळनंतर मुलांना एकटं बाहेर सोडत नाहीत. ती पिंजऱ्यासमोर जे सांगते ते कुठल्या बोर्डावर नसतं, त्यामुळे तुमच्याही घरात असं कोणी असेल तर त्या पिंजऱ्यापाशी त्यांनाच बोलू द्या.

अस्वल, आजीचं. वरच्या पुढच्या दातांपैकी मधले दोन त्याला नसतातच, त्या फटीतून ते वाळवी ओढून घेतं, फुंकर मारून माती उडवायची आणि मग जोरात श्वास ओढायचा, तो आवाज लांबपर्यंत ऐकू येतो. आई दर वेळी म्हणते दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखं खातं बिचारं, आणि मुलं घरी येऊन चहा तसाच ओढतात.

गव्याला बायसन म्हणायची सवय आपल्याला आहे पण तो खरा बायसन नाही, आपला गवाच, आणि त्याचे चारही पाय गुडघ्याखाली मोजे घातल्यासारखे पांढरे. काळविटात शिंगं आणि काळा रंग नराला. तरस हसत नाही, हसणारं तरस आफ्रिकेतलं, आपलं पट्टेवालं शांत असतं, त्याचे पुढचे पाय मागच्यांपेक्षा उंच म्हणून ते उतारावर उभं असल्यासारखं दिसतं.

साप शेवटी, आणि इथे नियम एकच, काचेवर टकटक करायची नाही. सापाला आपल्यासारखे बाहेरचे कान नाहीत पण हादरा त्याला जबड्याच्या हाडातून कळतो, दिवसभर शेकडो लोक टकटक करून जातात, विचार करा. तो झोपलाय की जागा हे डोळ्यांवरून कळणार नाही कारण त्याला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो. किंग कोब्रासमोर मुलांना सांगा की पाल्याचं घरटं करणारा हा साप आहे, मादी पाला गोळा करते आणि अंड्यांवर पहारा देते, आणि तो खातो काय तर मुख्यतः दुसरे साप. माझ्या लेकीची सापांची भीती इथेच कमी झाली, घरटं ऐकल्यावर.

जो प्रश्न येणारच आहे

"हा सारखा फेऱ्या का मारतोय?" एकाच रेषेत, त्याच जागी वळून, तासन्‌तास, असं बंदिस्त प्राणी करतात. कधी खायची वेळ जवळ आली म्हणून, पण बऱ्याचदा जागा कमी पडते आणि करायला काही नसतं म्हणून. "तो व्यायाम करतोय" असं सांगू नका. आम्ही सांगतो की त्याला जंगलात मैलोन्‌मैल फिरायची सवय असते, इथे तेवढं फिरता येत नाही. मग पुढचा प्रश्न येतो, मग सोडत का नाहीत. त्याचं उत्तर लांबलचक आहे, काही प्राणी जखमी किंवा अनाथ सापडलेले असतात, काही पिंजऱ्यातच जन्मलेले, ज्यांना शिकार येत नाही. आणि तरी त्याला वाईट वाटत असेल का, हो, वाटत असेल. एवढ्यावर थांबलं तरी चालतं.

कोणी दगड मारत असेल, ओरडत असेल, खायला टाकत असेल तर गप्प बसू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ३८ जे मध्ये प्राणिसंग्रहालयात प्राण्यांना चिडवणं, इजा करणं, खायला घालणं, आवाज करून त्रास देणं, कचरा टाकणं सगळ्याला मनाई आहे, शिक्षा आहे. भांडायला जाऊ नका, मुलं सोबत असतात, जवळच्या गार्डला बोलवा. मी दोनदा बोलवलंय आणि दोन्ही वेळा ते लगेच आले.

निघताना

साडेबारा-एकला बाहेर पडा, मुलं अजून हसत असतानाच. पाचवा प्राणी राहिला तर राहू दे, पुढच्या वेळी त्याच्यापासून सुरुवात. मग डबा, थंडगार लस्सी, आणि परतीच्या बसमध्ये ती वही काढायची. आमचा नियम आहे की प्रत्येकाने आज बघितलेली एक गोष्ट काढायची, अख्खा प्राणी नको, फक्त एक भाग. गेल्या वेळी कान, गव्याचे मोजे, सापाचा डोळा आणि मगरीचे दात आले, आणि आजीने अस्वलाचं तोंड काढलं, दोन दात सोडून.

महापालिकेची प्राणी दत्तक योजनाही आहे, ठरावीक काळाचा एखाद्या प्राण्याचा खर्च आपण उचलायचा. भाच्याने वाढदिवसाचे पैसे साठवायला सुरुवात केलीये, प्राणी अजून ठरत नाहीये, तरस की चौशिंगा यावर घरात वाद चालू आहे.